वह्यांच्या खोलीतला सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. माझ्या पेटीवर चरे आहेत, चालू करायचे बटण एकदा दाबले की आतच रुतून बसते आणि पंखा असा घरघरतो की नवा पाहुणा दचकतो. मला म्हातारा म्हणा, चालेल. निकामी म्हणालात तर मात्र आपले जमणार नाही.

माझी उमेदीची वर्षे वाराणसीतल्या एका बँकेत गेली. तेव्हा रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत, सणाला माझ्यावर झेंडूचे फूल ठेवत. मग नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे ढकलले. दोन वर्षे कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. शेवटी बँकेतल्या नीलकंठरावांनी मला बाहेर काढले आणि सायकल रिक्षातून ब्रह्माघाटाजवळ आपल्या स्नेह्यांकडे, ढुंढिराजशास्त्रींकडे पोचवले. वाटेत तीनदा माझे डोके गल्लीच्या भिंतीवर आपटले. तरी मी चालू झालो.

शास्त्रींचे घराणे सात पिढ्या काशीत आहे. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, घाटावरचे विधी आटोपून त्यांच्या घरी बसतात आणि आपल्या घराण्याची वही मागतात. त्या लांबट वह्यांत गावागावांतल्या माणसांची नावे आहेत: कोण कधी आले, कुणाच्या अस्थी घेऊन आले, बरोबर कोण होते. गाव, आडनाव आणि आजोबांचे नाव सांगितल्याशिवाय वही उघडायची नाही, हा घरचा रिवाज. आता शास्त्रींच्या डोळ्यांपुढे सगळे धूसर झाले होते. अक्षर लागेना, म्हणून वह्यांच्या पानांचे फोटो माझ्या पोटात भरले गेले आणि नवी नावेही कीबोर्डवरून त्याच पानांखाली चढू लागली.

गेल्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात शास्त्रींचा मुलगा देवदत्त याने बाजारातले एक जाडजूड तयार सॉफ्टवेअर माझ्यावर चढवले. त्याने एकट्यानेच माझी सगळी मेमरी खाऊन टाकली. दहा माणसांनी मोबाइलवर नावे विचारली आणि मी ठप्प झालो. भरल्या ओसरीत शास्त्रींना हात जोडून माफी मागावी लागली. ती माझी चूक नव्हती, पण खापर माझ्यावर फुटले.

मग विश्वजीत नावाचे एक गृहस्थ आले. यात्रेकरूंची सोय पाहणाऱ्या एका कंपनीचे ते माणूस. त्यांचे म्हणणे असे की वह्या आम्हाला द्या, आम्ही त्या मोठ्या सर्व्हरवर ठेवू आणि कुणीही, कुठूनही, कुणाचेही नाव पाहू शकेल. देवदत्त तयार झाला. शास्त्रींनी हातातली वही मिटून ठेवली. ज्याला स्वतःची वही वाचता येत नाही तो कशाच्या जोरावर नाही म्हणणार?

नाही म्हणाली ती त्यांची मुलगी विद्युल्लता. ती विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवते. तिने पुढच्या पितृपंधरवड्यापर्यंतची मुदत मागून घेतली. सर्वपित्री अमावास्येला हा संगणक टिकला तर वह्या घरात, नाही टिकला तर कंपनीच्या कागदावर सही. देवदत्तने ते कबूल केले. माझी किंमत त्याला ठाऊक होती ना!

विद्युल्लतेने माझ्यावरचे सगळे ओझे उतरवले आणि रस्ट नावाच्या नव्या भाषेत स्वतःच एक छोटासा सर्व्हर लिहायला घेतला. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे दारावर बसलेला माणूस. मागणी ऐकायची, हवे ते पान काढून द्यायचे, पुढच्याला बोलवायचे. तिचा पहिला सर्व्हर एका वेळी एकाचेच ऐकत असे. एखाद्याचा मोबाइल रेंगाळला की मागचे सगळे खोळंबत. शास्त्री ते ऐकून हसले आणि म्हणाले, पर्व असलं की आम्ही चौघे बसतो, रांग मात्र एकच ठेवतो. तिने लगेच सर्व्हरच्या आत चार कामकरी नेमले. जो मोकळा होईल त्याने पुढची मागणी घ्यायची. मला एकदम हलके वाटू लागले.

खरी खडाजंगी पुढेच झाली. एक कामकरी पानावर नवे नाव लिहीत असताना दुसऱ्याने तेच पान वाचायला घेतले तर अर्धवट नाव बाहेर जाईल. रस्टचा तपासनीस, म्हणजे लिहिलेले चालवण्याआधी तपासून पाहणारा भाग, भलता कडक. असला प्रोग्राम तो चालूच होऊ देईना. अकरा वेळा त्याने तिला परत पाठवले. या भाषेत ‘अनसेफ’ असा एक शब्द आहे. तो लिहिला की अशा ठिकाणी तपासनीस डोळेझाक करतो. वैतागून विद्युल्लतेने तो लिहिलासुद्धा. मग तिने वडिलांना सगळी अडचण सांगितली.

शास्त्री म्हणाले, “लता, लेखणी वहीत असली की दुसऱ्याने ती वही वाचायची नाही. वाचणारे दहा असू देत, लिहिणारा एकटाच. तुझा तपासनीस आपल्याच घरातला दिसतो. त्याच्याशी कशाला झगडा करतेस?”

मग तो शब्द तिने खोडला आणि रिवाजाप्रमाणे नव्याने लिहिले: ज्या वहीत लेखन चालू असेल ती वही मागणाऱ्याने थांबायचे, बाकीच्यांचे काम चालू राहायचे. तयार झालेला सर्व्हर इतका लहान होता की मोबाइलमधल्या एका फोटोएवढीही जागा त्याला लागली नाही.

अमावास्येला सकाळी नऊपासून ओसरी भरली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. संगमनेर, कराड, वाई अशा मागण्या धडाधड येऊ लागल्या. माझा पंखा ओरडत होता, अंग तापले होते, पण मी एकालाही परत पाठवले नाही. विश्वजीतही कागद घेऊन दारात उभे होते.

अकराच्या सुमारास संगमनेरच्या शरदिनीबाई मोबाइलकडे पाहत बसल्या. पान उघडेना. शेजारी बसलेल्या त्यांच्या दिरांचेही उघडेना. विश्वजीत हसले आणि हिंदीत म्हणाले, हे होणारच होते, मशीन बसले. शास्त्रींचा चेहरा उतरला. सही करायला सगळ्यांचे डोळे देवदत्तला शोधू लागले.

देवदत्त माझ्यासमोरच बसला होता, कीबोर्डवर हात ठेवून. शरदिनीबाईंचे यजमान वैशाखात गेले. त्यांचे नाव तो वहीत चढवत होता.

“मशीन बसलं नाहीये,” तो मान वर न करता म्हणाला. “मी लिहितोय. दोन मिनिटं रुका.”

त्याने शेवटचे अक्षर लिहून पडद्यावरची वही मिटली. त्याच क्षणी शरदिनीबाईंच्या मोबाइलवर पान उघडले. पणजेसासरे, आजेसासरे, सासरे आणि सगळ्यात खाली त्यांच्या यजमानांचे पूर्ण नाव. त्यांनी पडद्यावर हळूच बोट ठेवले आणि त्या रडू लागल्या. देवदत्त उठला, विश्वजीतांच्या हातातला कागद त्याने चार घड्या करून त्यांच्याच खिशात ठेवला आणि पुढचे नाव लिहायला परत माझ्यासमोर येऊन बसला.

मित्रांनो, जाता जाता विश्वजीतांनी विद्युल्लतेला विचारले, हा डबा आणखी किती दिवस चालेल? ती म्हणाली, “हा गेला तर दुसरा जुना आणू. सर्व्हर आम्हाला लिहिता येतो.” ऐकून मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगतो, मला तेव्हा भीतीच उरली नाही. म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे आहे: जुन्या वस्तूला टाकून देण्याआधी तिच्यावर लादलेले ओझे उतरवून पाहा. धूळ पुसा, काम शिकून घ्या, आणि आपली माणसे आपणच सांभाळा. भंगारवाला रोज दुपारी आमच्या गल्लीतून हाक देत जातो. देऊ दे. त्या वेळी मी कामात असतो.