उलटा काटा

वादळ रात्री आठच्या सुमारास किनाऱ्यावर धडकणार होतं, आणि वीज दुपारी बरोब्बर चार वाजता बंद होणार होती. वीज कंपनीने तसं लेखी कळवलं होतं. म्हणजे टाकी भरायला पंपघराच्या बाईंच्या हातात चार वाजेपर्यंतचाच वेळ होता.

टाकी पाच मीटर खोल होती, आणि दर मीटरला एक लाख लिटर पाणी मावत होतं. वीज गेल्यावर उंचावरची टाकी आपलं पाणी आपणच खाली सोडते, त्यासाठी पंप लागत नाही. मागच्या वादळात वीज चार दिवस नव्हती. उतारावरच्या हॉस्पिटलात अडीचशे खाटा होत्या, आणि त्या चार दिवसांत त्यांना हेच पाणी पुरवायचं होतं. बाकीच्या गावाला मिळालं तर मिळालं. पंपघरात जनरेटर होता, पण तो चार दिवे आणि एक पंखा यापलीकडे कशाला हात घालत नसे.

बाईंनी सकाळी सहालाच दोन्ही पंप लावले होते. आठपर्यंत लोकांनी घरात पाणी भरून ठेवावं असं जाहीर झालं होतं, तसं लोकांनी भरलं. तेवढा हिशेब त्यांनी धरला होता. आठनंतर नळ शांत होतील, तासाला अर्धा मीटर या चालीने पातळी चढेल आणि साडेबारापर्यंत टाकी काठोकाठ भरेल. त्यानंतर घरी जाऊन खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. नवऱ्याला हातोडी धरता येत असे, फक्त खिळ्यावर मारता येत नसे.

साडेदहापर्यंत सगळं हिशेबाबरहुकूम चाललं. मग पातळी चढायची थांबली. अकराला ती चक्क उतरू लागली.

बाईंनी पंपांचे आवाज ऐकले. ठीक होते. दाब पाहिला, तोही ठीक. विजेचा भारही रोजच्याइतकाच होता. वर पाणी जात होतं, आणि जेवढं जात होतं त्याहून जास्त खाली येत होतं. त्यांनी वॉलमन काकांना सायकलवर पिटाळलं.

"मोठी लाइन कुठे फुटली आहे का बघा. पुलाजवळ आधी बघा."

वॉलमन काकांच्या नोकरीला तीस वर्षं झाली होती, आणि गावातला प्रत्येक वॉल्व्ह कुठल्या दिशेला कुरकुरतो ते त्यांना पाठ होतं. तासाभराने ते परतले ते वाऱ्याने अर्धे झोडपलेले, टोपी खिशात कोंबलेली.

"फुटलेलं काही नाही," ते म्हणाले. "फुटलेत ते लोक."

"म्हणजे?"

"म्हणजे घराघरात नळ सोडून बसलेत. पिंपं भरली, बादल्या भरल्या, आता फुलदाण्या भरतायत. एकाकडे गमबूट भरून ठेवलेले पाहिले. विचारलं, हे पाणी पिणार कोण? तर म्हणे, असू द्या, काका."

"पण सकाळीच भरून झालं होतं ना?"

"झालं होतं. मग कुणीतरी सांगितलं, टाकी रिकामी होतेय."

तेवढ्यात फोन वाजला. नणंदबाईंचा होता. त्यांचं शिवणकामाचं दुकान टाकीच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे होतं. वयाने नणंद दोन वर्षांनी मोठी आणि नात्याने वहिनी मोठी, त्यामुळे कोणी कोणाचं ऐकायचं हा प्रश्न लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सुटलेला नव्हता. सोयीसाठी वहिनीच ऐकून घेत.

"वहिनी, अगं अभिनंदन! चढतेय हं टाकी!"

"कुठे चढतेय, ताई? उतरतेय."

"तू आत बसलीयस, तुला काय दिसणार? मी इथून सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बघतेय. आठ वाजल्यापासून काटा नुसता खाली खाली. माझा तर जीवच गेला. दर दहा मिनिटांनी ग्रुपवर टाकत होते, टाकी उतरतेय, भरून घ्या, भरून घ्या. तेव्हा कुठे अकरापासून वर सरकायला लागला. दबाव आणावा लागतो गं, त्याशिवाय कोणी हलत नाही."

बाईंनी डोळे मिटले. सकाळपासूनचा हिशेब एका क्षणात जुळला. जुळला, पण उत्तर भयंकर होतं.

टाकीच्या बाहेर एक लांब पट्टी होती आणि तिच्यावरून वरखाली सरकणारा लाल काटा. टाकीत एक तरंगता डबा होता. त्याला बांधलेली दोरी वर कप्पीवरून बाहेर यायची आणि तिच्या टोकाला काटा लटकायचा. पाणी चढलं की डबा वर, आणि काटा खाली. टाकी भरली की काटा तळाला. पट्टीवर आकडे होते तेव्हा हे कुणाच्याही लक्षात आलं असतं, पण ते उन्हापावसात कधीच पुसून गेले होते. बाईंना आकड्यांची गरज नव्हती आणि इतरांना काट्याची. आज पहिल्यांदा सगळं गाव मान वर करून बघत होतं.

"ताई, तो काटा उलटा आहे."

"काय उलटा?"

"काटा खाली म्हणजे टाकी भरलेली."

पलीकडे बादली सरकवल्याचा आवाज आला.

"वहिनी, रागावू नकोस," नणंदबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण सकाळपासून दमलीयस तू. दोन घास खाल्लेस का?"

बाईंनी फोन ठेवला आणि स्वतःच ग्रुपवर लिहिलं. काटा उलटा चालतो, टाकी उतरते आहे, कृपया नळ बंद ठेवा. व्याकरणाच्या दृष्टीने संदेशात काही खोट नव्हती. पहिलं उत्तर आलं, 'पाणी नसेल तर सरळ सांगा बाई.' दुसरं आलं, 'नळ बंद ठेवा म्हणतात म्हणजे नक्की जाणार. भरा!' तिसऱ्याने नुसते हात जोडले होते. खिडकीतून काटा आणखी बोटभर वर सरकलेला दिसला.

"मोठा वॉल्व्हच बंद करून टाकू," वॉलमन काका म्हणाले.

"किती वर्षांत फिरवला नाही तो?"

"सहा."

"बंद झाला आणि परत उघडलाच नाही तर? हॉस्पिटलही त्याच लाइनवर आहे."

"तेही खरं. गल्लीतले एकवीस वॉल्व्ह बंद करायचे तर या वाऱ्यात मला संध्याकाळ होईल." काकांनी हनुवटी खाजवली. "मग एक करू. वर चढतो आणि काटा वरच्या टोकाला बांधून टाकतो. लोकांना वाटेल टाकी भरली. गप्प बसतील."

युक्ती नामी होती. बाईंना क्षणभर मोह झालाच.

"आणि मला कसं कळणार किती भरली ते?"

"अंदाजाने."

"काका, अंदाजाने मी पोह्यांतसुद्धा मीठ घालत नाही. शिवाय उद्या आपण खरं सांगायला गेलो तर कोण ऐकेल?"

"आज तरी कोण ऐकतंय?" काका म्हणाले. बाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं. पातळी तीन मीटर ऐंशीच्या आसपास, चार वाजायच्या आत आणखी सव्वा मीटर चढवायचा. म्हणजे फार तर अर्ध्या तासात अख्ख्या गावाचे नळ बंद व्हायला हवेत. तेवढ्या वेळात अख्ख्या गावाला पटवणं शक्य नव्हतं. एका माणसाला पटवणं शक्य होतं, पण ते बावीस वर्षांत एकदाही जमलेलं नव्हतं.

त्या रस्ता ओलांडून निघाल्या. वाऱ्याने ओढणी सरळ रेषेत धरली होती. बेकरीवाला दुकानाच्या काचेला फळी लावत होता, त्याने तोंडात खिळे धरूनच विचारलं, "चढतेय ना, बाई?" त्या न थांबता पुढे गेल्या.

दुकानात नणंदबाई खुर्ची दारात ओढून बसल्या होत्या, एका हातात फोन, गळ्यात मापाची टेप. मागे बारा बादल्या ओळीने भरलेल्या. शिलाई मशीन उचलून टेबलावर चढवलं होतं आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळलं होतं. दोनतीन शेजारणीही होत्या, बातमी पहिल्या हाताने मिळावी म्हणून.

"आलीस? बस. आधी काहीतरी खा."

"ताई, एक रीळ द्या. मजबूत दोऱ्याचं. आणि एक रिकामं."

"आता काय शिवतेस?"

"टाकी."

शेजारणी हसल्या. बाईंनी शांतपणे बटणांची उंच बरणी टेबलावर रिकामी केली. गोळ्यांची एक छोटी बाटली घेतली, तिच्यात चार मोठी बटणं टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

"बटणं कशाला?" नणंदबाईंनी विचारलं. हातातलं काम बघून त्यांना गप्प बसवत नसे.

"वजनाला. डबा काट्यापेक्षा जड हवा, नाहीतर काटाच त्याला ओढून नेईल."

दोऱ्याचं एक टोक बाटलीच्या गळ्याला बांधलं. रिकाम्या रिळात पेन्सिल घालून ती एका शेजारणीला बरणीच्या वर आडवी धरायला दिली. दोरा रिळावरून बाहेर टाकला आणि दुसऱ्या टोकाला नणंदबाईंच्या बोटातलं अंगुस्तान काढून बांधलं. बाटली बरणीच्या तळाशी बसली, आणि अंगुस्तान बाहेर वर, रिळाजवळ लटकत राहिलं.

"ही टाकी. ही बाटली आतला डबा. हे अंगुस्तान म्हणजे बाहेरचा काटा. आता टाकी रिकामी आहे. काटा कुठे आहे?"

"वर," पेन्सिलवाली शेजारीण म्हणाली.

"ताई, पाणी ओता."

"मी?"

"तुम्हीच. मी ओतलं तर म्हणाल वहिनीने काहीतरी हातचलाखी केली."

नणंदबाईंनी तांब्या बादलीत बुडवला आणि ओतायला सुरुवात केली. बाटली डुलली, तरंगली, वर येऊ लागली. अंगुस्तान सावकाश, अगदी शहाण्यासारखं, खाली निघालं. दुसरा तांब्या. अंगुस्तान आणखी खाली. तिसऱ्या तांब्याला बरणी काठापर्यंत भरली आणि अंगुस्तान टेबलाला टेकलं.

फळी अर्धवट ठेवून आलेल्या बेकरीवाल्याने तोंडातले खिळे काढले.

"म्हणजे टाकी भरत होती तेव्हा आम्ही रडत होतो," तो म्हणाला, "आणि रिकामी व्हायला लागली तेव्हा टाळ्या वाजवल्या?"

"तुम्ही वाजवल्यात," शेजारीण म्हणाली. "मी फक्त फुलांचं चित्र पाठवलं."

नणंदबाई खाली टेकलेल्या अंगुस्तानाकडे बघत होत्या. बावीस वर्षांत वहिनींनी त्यांचा चेहरा इतका वेळ स्थिर पाहिला नव्हता. मग त्यांनी बरणीतला एक तांब्या पाणी परत काढलं. अंगुस्तान वर चढलं. पुन्हा ओतलं, खाली उतरलं. शिंपिणीचं मन होतं ते, दोनदा मापल्याशिवाय कापड कापणारं नव्हतं.

"हॉस्पिटलला किती लागतं?" त्यांनी विचारलं, आणि आवाज अगदी लहान होता.

"टाकी भरली तर चार दिवस निभतं. आत्ता आहे तेवढ्यात तीनच, तेही आपण एक थेंब न घेता. आणि उतरतच राहिली तर..."

"किती वेळ आहे?"

"चारपर्यंत. पण नळ आत्ता बंद व्हायला हवेत. आत्ता म्हणजे आत्ता."

नणंदबाईंनी फोन तोंडासमोर धरला. या बाईने आजवर चुकीच्या मापाचा सदरासुद्धा 'गिऱ्हाईकच जाड झालं' म्हणून परत पाठवला होता.

"ऐका सगळ्यांनी," नणंदबाई गरजल्या. "सकाळपासून मी सांगत होते ते बरोबरच होतं, फक्त उलटं होतं. काटा खाली म्हणजे टाकी भरली. मी माझ्या हाताने पाणी ओतून बघितलंय, तेव्हा मला कोणी शिकवायचं नाही. काटा वर चढतोय म्हणजे आपण हॉस्पिटलचं पाणी फुलदाण्यांत भरतोय. सगळे नळ बंद करा. ज्याचा नळ चालू दिसेल त्याचे कपडे मी यापुढे शिवणार नाही. झालेलेही देणार नाही."

एवढं बोलून त्यांनी बरणी आणि अंगुस्तानाचा व्हिडिओ काढून पाठवला. पाण्याबद्दल गावात दुमत होऊ शकत होतं, अर्धवट शिवलेल्या कपड्यांबद्दल नाही.

पावणेदोनला काटा थांबला. मग, डोळ्यांना जेमतेम कळेल इतका, खाली सरकला.

त्यानंतरची सव्वादोन तासांची गंमत बाई पुढे अनेक वर्षं आठवत राहिल्या. वारा वाढत होता, आभाळ शिशाच्या रंगाचं झालं होतं, आणि अर्धा रस्ता फळ्या ठोकता ठोकता माना वर करून टाकीकडे बघत होता. काटा उतरला की कोणीतरी "गेला गेला, खाली गेला!" असं आनंदाने ओरडे. एका आजोबांनी हात धुवायला नळ सोडला तर तीन घरांतून एकदम आवाज आला. वॉलमन काका सायकल हातात धरून गल्लीगल्लीतून फिरले आणि लोखंडी सळई कानाला लावून पाइपांत कुठे पाणी वाहतंय का ते ऐकत राहिले. एका घराशी थांबून त्यांनी दार वाजवलं. आत पंपघराच्या बाईंचा नवरा दाढी करत होता.

"मला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"तुम्ही ग्रुप बघत नाही?"

"माझी बहीण असते त्या ग्रुपवर मी नसतो."

चार वाजता पंपांचा आवाज थांबला. सहा वाजल्यापासून सतत ऐकलेला आवाज थांबला की कान रिकामे वाटतात, तसं झालं. बाई बाहेर आल्या आणि वर बघितलं. नणंदबाई दुकानाला कुलूप लावून रस्त्यात उभ्याच होत्या, फोन तयार ठेवून.

"भरली?"

बाईंनी डोळे बारीक केले. "चार बोटं कमी आहे."

"चार बोटं म्हणजे?"

"साडेसात हजार लिटर. हॉस्पिटलला काही फरक पडत नाही. चार दिवस आरामात जातील."

"मग मी टाकते, टाकी भरली."

"पण भरली नाहीये, ताई. चार बोटं कमी आहे."

"वहिनी, चार बोटं कमी असं लिहिलं ना, तर आत्ता या मिनिटाला दोनशे लोक आपापले नळ सोडून बघतील, खरंच कमी आहे का ते."

हे बाईंनाही नाकारता येईना. पण जे नाही ते आहे म्हणून लिहायला त्यांचं मन धजत नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, वाऱ्यात ओढणी सावरत.

नणंदबाईंनी सुस्कारा सोडला आणि टाइप करता करता मोठ्याने वाचलं, "टाकी भरली. वर चार बोटं जागा आहे. ती हवेसाठी सोडलेली असते." मग वहिनीकडे बघितलं. "असते ना?"

बाईंनी काट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग नणंदेकडे.

"तशी थोडी सोडतातच," त्या म्हणाल्या. "पाठवा."