पाऊण इंच

सलूनवाल्याने टेलरमास्तरांच्या मिशीला कंगवा लावला, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मापली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, परत एकदा बोला. नंतर शब्द फिरवाल."

मास्तर शब्द फिरवणाऱ्यातले नव्हते. पैज साधी होती, आणि पैजा असतात तितकीच खुळचट. मास्तरांचं म्हणणं असं, की टेकडीवरच्या घरातल्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली असतो. आजचं नाही, तीन पिढ्यांचं. आजोबांनी वरच्यांचे कोट शिवले, वडिलांनी शिवले, आता ते स्वतः शिवतात. आणि तिघांनीही डाव्या खांद्यात गुपचूप कापसाची गादी भरून त्या घराण्याला ताठ उभं केलंय. विश्वास नसेल तर मापवह्या बघा. डोळे बांधा, पाच माणसं उभी करा, त्यात वरचा कोण ते नुसत्या हाताने सांगतो.

सलूनवाला म्हणाला, खांदे सगळ्यांचेच वाकडे असतात, फक्त वरच्यांना शिंपी परवडतो. मास्तर हरले तर भर चौकात मिशी उतरवायची. सलूनवाला हरला तर वर्षभर गल्लीची दाढी फुकट. गल्ली अर्थातच मास्तरांच्या बाजूला गेली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बातमी टेकडी चढली आणि तिसऱ्या दिवशी वरचे कारभारी खाली उतरले. म्हणाले, रविवारी मालक स्वतः रांगेत उभे राहतील. लोकांनी तोंडात बोटं घातली. मालक गल्लीत उतरल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मग जाता जाता, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात, कारभारी म्हणाले, रांगेत चक्कीवाल्या आक्कांनाही घ्या. खांदा तो खांदा, बाईचा काय नि बाप्याचा काय.

तिथे गल्लीचं हसू जरा अडखळलं.

आक्कांची आई वरच्या घरात इस्त्रीला होती. एका दुपारी ती पत्र्याची पेटी आणि पाच महिन्यांचं पोट घेऊन खाली उतरली. कोणाचं, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही आणि गल्लीनेही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आताच्या मालकांच्या वडिलांचं. आईने जात्यावर सुरुवात केली, आक्कांनी त्याची विजेची चक्की केली.

आता मालकांना मूल नव्हतं. वरच्या दिवाणखान्यात भिंतभर वंशवृक्ष रंगवलेला आहे, सात पिढ्यांचा, आणि मालकांच्या खाली नुसता चुना. उद्या सगळं जायचं ते लांबच्या भाऊबंदांकडे, ज्यांच्याशी दोन पिढ्या बोलणं नाही. तेव्हा कुठे वरच्यांना आक्कांची आठवण झाली. आक्कांची लेक कॉलेजात होती, म्हणजे वंशाचीही सोय. कारभारी तीनदा चक्कीत येऊन बसले. जमीन, घर, भिंतीवर नाव. चक्की मात्र बंद करायची, वरच्या घरातली बाई लोकांचं दळण दळत नाही.

आक्कांनी एकच विचारलं होतं, भिंतीवर आईचं नाव कुठे लिहिणार?

"तिथे जागा नाही," कारभारी म्हणाले होते. "थोरल्या मालकांपासून सरळ तुमच्यापर्यंत रेघ येईल."

आक्कांनी त्यांच्या कोटावरचं पीठ झटकलं आणि सांगितलं, चौथ्यांदा आलात तर दळून देईन.

म्हणून हा डाव. वरच्यांच्या वकिलाचा सल्ला होता, घराण्याच्या शिंप्याने आक्कांचा खांदा वरचाच असं चार लोकांत बोलून दाखवलं आणि मापवह्या पुढे केल्या, की नाव लावता येईल. बाई हो म्हणो की न म्हणो. मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. आक्कांना कारभाऱ्यांचा चेहरा बघूनच कळलं. शेजारणी म्हणाल्या, नका जाऊ. आक्का म्हणाल्या, न जायला मी काय कोणाची चोरी केलीय?

रविवारी चौकात ही गर्दी. सलूनवाल्याने एकेकावर आपल्या पांढऱ्या चादरी घातल्या, गळ्यापासून खाली, की कपड्यांवरून ओळख पटू नये. मालकांनी कोट काढून हातात धरला. मास्तरांचे डोळे बांधले. आक्का सगळ्यात शेवटी होत्या. त्यांनी चादर स्वतःच पांघरली.

मास्तरांनी पहिल्याच्या खांद्यांवर हात ठेवले आणि हसले. "पोस्टमन. पिशवी उजवीकडे, उजवाच खांदा उतरलाय. बाबा रे, अधूनमधून बाजू बदल." गल्लीने टाळ्या दिल्या. दुसरा दूधवाला, तोही बरोबर. तिसऱ्यापाशी मास्तरांचा हात आपोआप हलका झाला. "हे मालक." गल्लीने शिट्ट्या मारल्या. सलूनवाल्याला वर्षभराचा साबण डोळ्यांपुढे दिसला.

पैज इथेच संपली होती. कारभारी म्हणाले, पाच म्हणजे पाच, पुरं करा. चौथा पाववाला होता. मास्तर पाचव्यापाशी आले.

त्यांनी हात ठेवले. उचलले. परत ठेवले. डाव्या खांद्यावर अंगठा टेकून तसेच उभे राहिले.

"हेही वरचे," ते म्हणाले.

सलूनवाला खदाखदा हसला, वरचं माणूस एकच आहे, ते मघाशीच संपलं. त्याने चादर ओढली. मास्तरांनी डोळ्यांवरची पट्टी वर केली. समोर आक्का होत्या, दुकानातून तशाच आलेल्या, उजव्या खांद्यावर पिठाचा पांढरा पट्टा.

मालक चादरीसकट एक पाऊल पुढे आले. कारभाऱ्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, खाली सही करायला जागा सोडलेला, आणि म्हणाले, "मास्तर, एकदा नीट सांगा. सगळ्यांसमोर."

मास्तरांनी कागद पाहिला. मग आक्कांकडे पाहिलं.

"तीस वर्षं पोती उचलते मी, मास्तर," आक्का म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण पार पाववाल्याच्या भट्टीपर्यंत पोचला. "खांदा वर राहील कसा? हा माझ्या आईच्या धंद्याचा खांदा आहे. तुम्ही चुकलात. हो ना?"

मास्तर आयुष्यात मापात चुकले नव्हते. एकदा स्वतःच्या लग्नातही त्यांनी सासऱ्याला सांगितलं होतं, कोट अर्धा इंच लांब आहे. त्यांनी मिशीला पीळ दिला, सावकाश, दोन्ही बाजूंनी, जणू तिचं शेवटचं माप घ्यायचंय.

"चुकलो," ते म्हणाले. "वय झालं. पोत्याने उतरलेला खांदा आणि जन्माने उतरलेला, हाताला कळेनासं झालंय."

कारभारी जवळ आले. दात आवळून म्हणाले, तुमच्या तीन पिढ्या या घरावर जगल्या.

"आमच्या तीन पिढ्यांनी तो खांदा झाकला, साहेब," मास्तर म्हणाले. "फिटंफाट झाली. ए सलून, खुर्ची आण."

खुर्ची चौकाच्या मधोमध आली. सलूनवाल्याने फेस केला. मालक चादर खाली टाकून टेकडीकडे निघाले. कोट अंगात घालायचा राहून हातातच होता, त्यामुळे गादीशिवाय पाठमोरे कसे दिसतात ते गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. कारभारी कागदाची घडी घालत मागोमाग गेले.

चक्कीपाशी एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. आक्कांनी त्याचं गव्हाचं पोतं उचललं, सवयीने उजव्या खांद्यावर टाकलं आणि खुर्चीच्या अगदी शेजारून निघाल्या.

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला. तो आक्कांच्या पाठीकडे बघत राहिला, मग मास्तरांच्या कानाशी वाकला.

"मास्तर, पोतं तर त्या उजव्या..."

"तू वस्तऱ्याकडे बघ," फेसातून मास्तर म्हणाले. "ओठ कापशील."

सलूनवाल्याने वस्तरा टेकवला. पहिली बाजू उतरली तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या, आणि मास्तरांनी हनुवटी आणखी वर केली, टेकडीवरून स्पष्ट दिसावी इतकी.