नाकानं निवडलेलं पिंप

साहेबांना प्लास्टिकचा तिटकारा होता आणि साडूचाही. त्या सकाळी दोन्ही एकदमच त्यांच्या वाट्याला आले.

इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीला तडा गेला होता. दुपारपासून दुरुस्ती होईपर्यंत नळ बंद राहणार आणि टँकरचं पाणी येणार, तेही ब्लीचिंग पावडर मारलेलं. माणसं असलं पाणी कुरकुरत का होईना पितात, मासे मात्र मरतात. आणि साहेबांच्या पुढच्या खोलीत, फिश टँकमध्ये, एक सोनेरी मासोळी होती. म्हातारी, जाडजूड, एका डोळ्याने अधू. बायको तिला बयो म्हणायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून बायकोचा पलंग त्या टँकसमोर लावला होता आणि तिचा सबंध दिवस बयोकडे बघण्यात जायचा. "ती फिरतेय तोवर मीही कधीतरी उठून फिरेन असं वाटतं," ती म्हणायची. साहेबांना असलं बोलणं आवडत नसे. ते ऐकलं की ते उगाच पेपरची घडी उलटी घालायचे.

तेव्हा नळ जायच्या आत बयोसाठी पाणी भरून ठेवणं भाग होतं. नळाच्या पाण्यातही औषध असतंच. ते उडून जायला पाणी दिवसभर उघडं ठेवावं लागतं. त्यासाठी मोठं पिंप हवं, आणि ते वाहून आणायला गाडी. गाडी साडूकडे होती. नाहीतर साहेबांनी त्याला विचारलंसुद्धा नसतं.

हा साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच इमारतीत, एक मजला वर राहायचा, त्यामुळे तो टळण्याची सोय नव्हती. जन्मभर विमा विकला होता त्याने, आणि अजूनही समोरचा माणूस आज ना उद्या मरणारच आहे अशा प्रेमाने बोलायचा.

"दादा, मी माशांच्या दुकानात विचारून आलोय," गाडी सुरू करता करता तो म्हणाला. "पिंपाच्या बुडाला त्रिकोण असतो. त्यात दोनचा नाहीतर पाचचा आकडा बघायचा. शिवाय पेला आणि काट्याची खूण हवी, म्हणजे खाण्यापिण्याचं ठेवायला चालतं. घ्यायचं ते नवंच घ्यायचं. जुन्यात आधी काय होतं देव जाणे, प्लास्टिक ते पिऊन बसतं. आणि घरी आणल्यावर साबण लावायचा नाही. नुसतं पाण्यानं खळबळायचं. बरोबर ना?"

"वा," साहेब म्हणाले. "परीक्षा पिंपाची आणि उत्तर पिंपाच्याच बुडाला लिहिलेलं. आमच्या वेळी याला कॉपी म्हणायचे."

साडू हसला. त्याला अपमान कळत नसे, की कळूनही तो हसत असे, याचा छडा साहेबांनी कधी लावला नव्हता. तेवढी त्याची लायकी आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

साहेबांचा असा तोरा होता त्याला कारण होतं. खाद्यतेलाच्या कारखान्यात त्यांची नोकरी वास घेण्याची होती. टँकर फाटकातून आत आला की साहेबांना बोलावणं जायचं. साहेब यायचे, डावा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, डोळे मिटायचे आणि तीन छोटे श्वास घ्यायचे. मग एक शब्द. "चालेल" नाहीतर "परत". त्या एका शब्दावर टँकर आल्या वाटेने परत जायचे आणि व्यापारी रस्त्यात कपाळ बडवायचे. घरातही तोच थाट. दूध, लोणी, नव्या घराची ओल, पाहुण्यांचं अत्तर, सगळं आधी साहेबांच्या नाकाखालून जायचं. एकदा मेहुणीच्या माळ्यावर मेलेला उंदीर त्यांनी जिन्यात उभं राहून ओळखला होता. तेव्हापासून सगळं घर मागे त्यांना नाकसाहेब म्हणायचं, आणि पुढ्यात त्यांच्या नाकाला मान द्यायचं.

एक गोष्ट मात्र साहेबांनी कुणाला सांगितली नव्हती. मागच्या हिवाळ्यात त्यांना जबर सर्दी झाली होती. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. आधी वाटलं, येईल परत. मग वाटलं, आहे थोडाथोडा. आता तर ते काही वाटूनच घेत नसत. साबण, भाजी, गटार, सगळं त्यांना सारखंच होतं. पण हात वर जायचा, डोळे मिटायचे, आणि शब्द पूर्वीइतकाच ठणठणीत बाहेर पडायचा.

नव्या पिंपांच्या दुकानात साहेब पायरीवरूनच परतले. रंगीबेरंगी बादल्यांच्या त्या उतरंडी बघूनच त्यांचं डोकं फिरलं. साडूने तिथे झाकणवाले दोन पांढरे कॅन उलटे करून त्रिकोण बघितला आणि विकत घेऊनही टाकले.

"औषधाच्या बाटल्या घेतल्यात का?" साहेबांनी विचारलं. "भातुकली खेळा आता."

मग ते त्याला गल्लीच्या टोकाला, जुन्या पिंपांच्या वखारीत घेऊन गेले. तिथे माणसाच्या छातीइतकी निळी पिंपं रांगेने उभी होती, जाड, घट्ट, कारखान्यातल्यासारखी. साहेबांना बरं वाटलं. एका पिंपावर त्यांनी टिचकी मारली.

"यात काय होतं आधी?"

"सरबत," वखारवाला म्हणाला. गिऱ्हाईकाला हवं असतं तर त्याने दूध सांगितलं असतं, नाहीतर गंगाजल. खोटं बोलायला त्याला श्वासही घ्यावा लागत नव्हता.

"तुम्ही गप्प बसा," साहेबांनी त्याला तोडलं. "आम्हाला नाक आहे."

डावा हात वर गेला. वखारीतला हमालसुद्धा थबकला. साहेबांनी पिंपात डोकं घातलं, डोळे मिटले, तीन श्वास घेतले. आत अंधार होता आणि दुसरं काहीही नव्हतं.

"चालेल," ते म्हणाले.

साडूही वाकला आणि झटक्याने मागे आला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "दादा, मला जरा... साबणासारखा वास येतोय. चांगलाच उग्र."

"तुमचा शर्ट आज धुतलेला दिसतोय," साहेब म्हणाले. "अभिनंदन. सवय नसली की जाणवतं."

वखारवाला खो खो हसला. साडूने आपली बाही नाकाशी नेली, हुंगली, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्या घराला हाच रोग होता. नाकसाहेबांनी एकदा शब्द टाकला की बाकीच्यांना आपलंच नाक खोटं वाटायचं.

पिंप घरी आलं, गॅलरीत उभं राहिलं, नळाच्या शेवटच्या पाण्याने काठोकाठ भरलं. संध्याकाळी मेहुणी आली. गॅलरीच्या दाराशी येताच तिने नाक आक्रसलं.

"लादी पुसली का आत्ता? काय घातलंय पाण्यात?"

"अगं, दादांनी स्वतः वास घेऊन आणलंय पिंप," साडू म्हणाला.

"हो का? मग माझंच काहीतरी," मेहुणी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

साहेब पलंगाशेजारी बसून हे ऐकत होते. मूर्ख, त्यांच्या मनात आलं. एकजात सगळे मूर्ख. पण या वेळी नेहमीसारखी मजा आली नाही. गॅलरीकडे बघायचं ते टाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी बयोचं पाणी बदलायची वेळ झाली. टँकमधलं अर्धं पाणी उपसून झालं. उरलेल्या पाण्यात बयो तळाशी जाऊन तोंड उघडझाप करत होती. साहेबांनी पिंपातल्या पाण्याने बादली भरून आणली आणि टँकच्या काठाला टेकवली.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "आधी इकडे आणा."

"कशाला?"

"आणा म्हणते ना."

तिने कोपरावर भार देऊन मान उचलली, बादलीवर नाक आणलं आणि परत उशीवर टेकली. "भांड्यांच्या साबणाचा वास येतोय. लिंबाचा."

"नाही."

"अहो, येतोय."

"औषधं खाऊन तुझ्या तोंडाची चव गेलीय, त्यात नाकाचं काय सांगतेस? मी वास घेऊन आणलंय."

बायकोने दाराकडे पाहिलं. साडू आणि मेहुणी गॅलरीत होते. तिने आवाज खाली आणला.

"मागच्या हिवाळ्यात दूध करपून पातेल्याचं बूड काळं झालं, तेव्हा तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत बसला होता. या इथे मला वास आला. तेव्हापासून मी रोज ओरडते, दूध बघा, दूध बघा. तुम्हाला वाटत असेल, हिला दुधाची फार काळजी."

साहेबांनी बादली उचलून परत टँकच्या काठाला टेकवली.

"मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला मिरवायचंय तितकं मिरवा. पण बयोच्या जिवावर नको."

साहेबांना संताप आला. इतके दिवस ती बघत होती म्हणजे, आणि या बाईने त्यांना बघितलेलं कळूही दिलं नव्हतं. त्यांनी गॅलरीकडे तोंड करून हाक मारली. "अहो साडूभाऊ! या इकडे. या पाण्याला वास येतोय का ते सांगा हिला."

साडू हात पुसत आला. त्याने आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याकडे नंतर. "छे छे. तुम्ही निवडलंय ना दादा? शुद्ध असणार."

"वास घेऊन सांगा."

साडू वाकला. त्याचं नाक आपोआप आक्रसलं, ओठ वर गेले, घशात खोकला आला आणि त्याने तो गिळला. "नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. माझ्या मते तर काहीच नाही."

साहेब जिंकले होते. बायकोने वाद घातला नाही. तिने मान वळवली आणि ती बयोकडे बघत राहिली, जणू निरोप देत होती. साहेबांना आता एवढंच करायचं होतं, बादली कलती करायची. मासोळी मेली असती तर म्हातारी होती म्हणून मेली असती, आणि सगळ्या घराने माना डोलावल्या असत्या.

समोर साडू घाबरून हसत उभा होता. या माणसाची साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा खरी किळस आली, आणि लगेच कळलं, याला असा आपणच केलाय.

"मला वास येत नाही," साहेब म्हणाले.

"हो ना, मीही तेच म्हणतोय दादा, मलाही..."

"कशाचाच येत नाही हो! नाक गेलंय माझं. वर्ष होऊन गेलं." त्यांनी बादली खाली जमिनीवर ठेवली. थोडं पाणी सांडलं. "आता खरं सांगा."

साडूचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "येतोय, दादा. घसा धरतोय."

"मग वखारीतच का नाही बोललात?"

"बोललो होतो."

साहेबांना आपलं उत्तर आठवलं. शर्टाबद्दलचं. वखारवाल्याचं हसणंही आठवलं.

"ते दोन कॅन मी भरून, झाकणं उघडी टाकून ठेवलेत," साडू चाचरत म्हणाला. "नळ जायच्या आधी. म्हटलं, लागले तर लागले, नाहीतर कुंड्यांना होईल पाणी. वर आहेत."

"थांबा. मी आणतो," साहेब म्हणाले. ते जिना चढून गेले आणि झाकणं लावून, एकेक करत दोन्ही कॅन स्वतः खाली घेऊन आले. धाप लागली, पण त्यांनी मेहुणीला हात लावू दिला नाही. पहिल्या कॅनचं झाकण काढलं. डावा हात सवयीने वर गेला, डोळे मिटू लागले, आणि ते मध्येच थांबले. मग त्यांनी कॅन साडूपुढे सरकवला.

"तुम्ही बघा."

साडूने आधी साहेबांच्या बायकोकडे पाहिलं, मग मेहुणीकडे पाहिलं, आणि शर्ट खाली ओढून सारखा केला. डावा हात वर करून त्याने सगळ्यांना गप्प केलं. डोळे मिटले. वाकून एक छोटा श्वास घेतला, मग दुसरा.

साहेबांना तो कमालीचा हास्यास्पद दिसला. ते मुकाट्याने त्याच्या एका शब्दाची वाट बघत उभे राहिले.