चिलखत घातलेला माणूस

बाळ झोपलं की ताई हेडफोन लावायची, पण एकाच कानाला. उजवी वाटी कानावर, डावी मागे सरकवलेली. तो कान बाळाचा.

दुपार होती. बाटल्या ओट्यावर उपड्या, दुपटी खुर्च्यांच्या पाठीवर वाळत, नवरा कारखान्यात. सकाळी आईचा फोन येऊन गेला होता, मग सासूबाईंचा. दूध नीट पितंय ना, शी झाली का, हिरड्या शिवशिवतायत का. सगळी चौकशी बाळाची. उत्तरं देऊन देऊन ताईची दारावरची पहारेकरीण झाली होती. आत कोण आहे ते सांगायचं, आपण कुणाच्या खिजगणतीत नाही.

तिला एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. तिचं लग्न व्हायच्या आधीपासून ती आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या एक गोळीबाराचा खेळ खेळायचे. त्यात शॉटगन दोन. एक पंपाची, एक बार टाकला की खटाक-खटाक करून दम खायची, म्हणून तिचं नाव खोकली आजी. दुसरी दुनळी, ती जुळी. पाठोपाठ दोन बार, मग पुन्हा भरून होईस्तोवर नुसता जीव मुठीत. बारक्या आजीचा भक्त, ताई जुळीची. यावरून घरात अबोले झाले होते. आता खेळवाल्यांनी दोघींचे छर्रे बदलले होते आणि जुना वाद पुन्हा उघडला होता.

गोम एकच होती. सरावाच्या खोलीत मारायला लाकडी पुतळे असतात, पण त्यांना चिलखत नसतं. चिलखतातल्या माणसाचा शंभरातला किती जीव जातो हे बघायचं, तर समोर माणूसच लागतो. मुकाट्याने उभा राहून छर्रे खाणारा. ताईच्या ओळखीत असा एकच होता.

पण बारक्या नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्याचे फोन आखडत आले होते. ‘हो’, ‘बरंय’, ‘कामात आहे’. खेळात मात्र त्याच्या नावापुढे रोज तो खेळत असल्याचा हिरवा ठिपका दिसायचा. नवी टोळी मिळाली असेल, ताई म्हणायची. चांगलंच आहे, असंही स्वतःला बजावायची. तो नाही म्हणाला, तर त्याला हाक मारायला दुसरं निमित्त तिच्यापाशी नव्हतं.

शेवटी तिने लिहिलंच. ‘उभा राहतोस का समोर? आजी की जुळी, बघून टाकू.’

‘त्याचे व्हिडिओ आहेत की. लोकांनी सगळं मोजून ठेवलंय.’

ताईचं बोट थबकलं. व्हिडिओ तिने कधीच पाहिला होता. तरी तिने लिहिलं, ‘लोकांवर माझा विश्वास नाही.’

मग कानात खरखर झाली. “चल. पण आजीला शिव्या द्यायच्या नाहीत.”

सरावाच्या खोलीत तो चिलखत चढवून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“हलू नकोस रे.”

“मी कुठे हलतोय? तुझाच नेम हलतोय.”

“कडेवर घेऊन घेऊन मनगट गेलंय माझं.” तिने बार टाकला. “जीव किती उरला?”

“एक्केचाळीस! अगं, आजीला टॉनिक पाजलंय कुणीतरी.”

त्याने जीव भरून घेतला. मग त्याच जागेवरून जुळीचे दोन्ही बार.

“ऐंशी उरला. ताई, तुझी जुळी आता अक्षता टाकते.”

“गप ए!” बाळ उठू नये म्हणून ताई तोंडावर ओढणी दाबून हसली. असं हसून किती दिवस झाले होते, तिलाच ठाऊक नव्हतं.

“आता तू उभी राहा,” तो म्हणाला. “उगाच म्हणशील, मी लबाडी केली.”

ती भिंतीपाशी गेली. तो आजी घेऊन अगदी जवळ आला. धाड!

“ताई, तुझा किती उरला?”

आकडा समोरच होता, ती त्याकडे बघत राहिली. हे तिला गेल्या कितीतरी महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

“ए, गेलीस का?”

“तेवीस,” ती म्हणाली.

“मग आहे की अजून.”

तेवढ्यात डाव्या कानात रडं शिरलं. “थांब हं,” म्हणून ती धावली. बाळाला खांद्यावर टाकून दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. बाळ निवलं, पण खाली ठेवू देईना. ती तशीच परत आली, तर पडद्यावर पाटी: बराच वेळ हालचाल नाही, म्हणून खेळाने तिला बाहेर काढलं होतं. एव्हाना तोही आपल्या टोळीकडे गेला असेल. तरी तिने एका हाताने खोलीचा क्रमांक टाकला.

तो तिथेच होता. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. मागची भिंत आजीच्या छर्‍यांनी चाळण झालेली.

“अजून इथेच तू?”

“एका जागी थांबलं की हाकलतात ना. म्हणून फिरतोय.”

“अरे, तुझी टोळी वाट बघत असेल.”

“कुठली टोळी?” तो भिंतीपाशी वळला. “रोज पुतळ्यांनाच मारतो गं मी. ते बोलत नाहीत.”

ताईच्या मानेवर बाळाचा श्वास लागत होता.

“जुळीला जवळून बघायचं राहिलंय,” ती म्हणाली. “आज बाळ काही करू देणार नाही. मला अजून पटलेलं नाही, सांगून ठेवते.”

“तुला काय, लवकर पटतच नाही.”

“नाहीच पटत.”

“मग उद्या बघू.”

“उद्या.”

तरी खोली सोडून दोघांतलं कुणी गेलं नाही. पडद्यावर तो येरझारा घालत राहिला आणि इकडे हेडफोनची तार पुरेल तेवढ्यात ताई, बाळाला थोपटत.