सासूबाईंचा जादा शिक्का

तिसाव्या मजल्यावर, लिफ्टच्या उघड्या शाफ्टमध्ये, वीतभर रुंद लोखंडी पट्टीवर उभं राहून नट पिळताना जावई कधी कचरला नव्हता. कागद पुढे आला की मात्र गडी पार घाबरून जायचा. परक्या देशात आठ वर्षं काढली, लिफ्टचा मेकॅनिक म्हणून नाव कमावलं, फोरमनसुद्धा अवघड मशीन आधी त्यालाच दाखवायचा. पण दर दोन वर्षांनी राहण्याचा परवाना नवा करायची वेळ आली, की पंधरा दिवस आधीपासून याला अन्न गोड लागेनासं व्हायचं. बायको म्हणायची, "एवढा घोर तर मला बाळंतपणाचाही लागला नव्हता."

यंदा घोर लागायला खरंच कारण निघालं. फॉर्मवर एक साधा रकाना होता: देशात शेवटचा प्रवेश कधी केला आणि पासपोर्टच्या कितव्या पानावर शिक्का आहे. बाळंतपणासाठी सासूबाईंना आणायला तो पाच महिन्यांपूर्वी आठवडाभर गावी गेला होता आणि त्यांच्याबरोबरच परत आला होता. त्याने पान उघडलं. बाहेर गेल्याचा शिक्का ठसठशीत होता. परत आल्याचा नव्हताच. त्याने पानं मागून पुढे चाळली, पुढून मागे चाळली, दिव्यासमोर धरली, नखाने चिकटलेली पानं सुटतात का तेही पाहिलं. शिक्का काही केल्या उगवेना.

म्हणजे कागदोपत्री हा माणूस पाच महिन्यांपूर्वी देश सोडून गेला होता आणि परत आलाच नव्हता. मग रोज सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा आणि संध्याकाळी लेकीला खांद्यावर टाकून तिचा ढेकर काढत फिरणारा हा इसम कोण? चोरून घुसलेला, असंच कुणीही म्हणणार. परवान्याची मुदत संपायला तीन आठवडे होते. तो नवा झाला नाही तर नोकरी जाणार, आणि त्याच्याच परवान्यावर राहणारी बायको आणि चार महिन्यांची चिमी यांनाही बाडबिस्तरा गुंडाळावा लागणार. जावयाची पाचावर धारण बसली.

"आईंना यातलं काही सांगू नकोस," तो बायकोला म्हणाला.

आता दीड खोलीच्या घरात, जिथे एकाला शिंक आली की दुसऱ्याने रुमाल द्यायचा, तिथे सासूपासून गोष्ट लपवणार कशी? तरी त्याने चार दिवस लपवली. चौथ्या दिवशी फोरमनने डबा खाताना त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "माझ्या ओळखीचा एकजण आहे. हुबेहूब शिक्का मारून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही." जावयाने घरी येऊन मोरीत नळ सोडून, त्या आवाजाच्या आडोशाने हे बायकोला सांगितलं. नळ बंद करून दोघं बाहेर आली, तर सासूबाई पलंगावर चिमीच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"जावईबापू," त्या मान वर न करता म्हणाल्या, "पाणी फुकट घालवू नका. आणि तो पासपोर्ट इकडे आणा."

सासूबाई म्हणजे काय चीज होती, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. बाईंनी पोस्टात बत्तीस वर्षं काढली होती, त्यातली निम्मी शिक्का मारण्याच्या टेबलावर. सकाळी आल्या आल्या शिक्क्यातली तारीख बदलायची, त्याचा एक ठसा वहीत उठवून सही करायची, मग दिवसभर धाडधाड. त्यांच्या हातून गेलेल्या पाकिटावरची तारीख वाचता आली नाही असं कधी झालं नाही, आणि ही गोष्ट त्या चारचौघांत अभिमानाने सांगत. जावई या अभिमानावर बायकोजवळ हसायचा. शिक्का मारण्यात कसली आली आहे कला, असं त्याचं मत होतं. परक्या देशात आल्यावरही बाईंचा ताठा तोच. बाजारात भाषा येत नसताना बोटांनी आणि भुवयांनी भाव करून, पिशवी भरून घेऊन यायच्या.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जावयाचा पासपोर्ट नाकाजवळ धरला आणि बाजूला ठेवला. मग उशाशी ठेवलेल्या बॅगेतून स्वतःचा काढला. एका पानावर बराच वेळ थांबल्या. त्यांचा चेहरा असा उतरत गेला की लेक घाबरून जवळ येऊन बसली.

"हा घ्या तुमचा शिक्का," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पासपोर्टवर शेजारीशेजारी दोन शिक्के होते. एक फिकट, एक ठळक. तारीख एकच.

"विमानतळावर तुम्ही दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून खिडकीतून आत सरकवलेत, आठवतं? माझा वर होता. तिथल्या अधिकाऱ्याने वरच्या पासपोर्टवरच दोन्ही शिक्के मारले."

"पण आई, तुम्ही पाहिलंत?"

"डोळ्यांदेखत पाहिलं." बाईंनी चष्मा उतरवून पदराने पुसला. "आमच्याकडे शिक्का पुसट उठला की लगेच दुसरा मारायचा, हा नियम. पहिला फिका उठला, त्याने शाईच्या गादीवर टेकवून दुसरा मारला. मला वाटलं, काय चोख माणूस आहे! मनातल्या मनात शाबासकी दिली मी त्याला. आणि इथे तुमच्या संसाराच्या मुळावर आले."

जावयाला हसावं की रडावं कळेना. जगात दुसऱ्या कुठल्याही बाईने विचारलं असतं, 'माझ्यावर दोन का मारले?' एकट्या याच बाईला त्यात कामाची निष्ठा दिसली.

"तुमची काय चूक?" तो म्हणाला. "गठ्ठा करून सरकवले मी. जाऊ द्या. तो फोरमनचा माणूस आहेच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सासूबाई एकदम ताठ झाल्या. "खोटा शिक्का? माझ्या जावयाच्या पासपोर्टवर?" चिमी दचकून रडायला लागली, तेव्हा आवाज खाली आला, पण धार तशीच. "अहो, खरा शिक्का आपल्याकडे आहे. फक्त पान चुकलंय. खऱ्याचं खोटं करून कशाला ठेवता? उद्या त्या ऑफिसात जायचं. मी येते."

"आई, उगाच हात दाखवून अवलक्षण होईल."

"होऊ दे. कर नाही त्याला डर कशाला?"

दुसऱ्या दिवशी दोघं परवान्याच्या ऑफिसात गेली. नंबराची चिठ्ठी घेऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अडीच तास बसली. जावई हातातली चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलटून बघत होता. सासूबाई समोरच्या खिडकीत कोण किती वेळ घेतो ते बघत होत्या. "तिसऱ्या खिडकीतला बरा आहे," त्या म्हणाल्या, "कागद उलटा आला तर स्वतः सुलटा करून घेतो." नेमका तिसऱ्याच खिडकीचा नंबर लागला.

खिडकीतला अधिकारी चाळिशीचा, सर्दीने बेजार होता. जावयाने त्याच्या भाषेत, अडखळत, सगळं सांगितलं. त्याने संगणकात पाहिलं आणि नाक पुसत म्हणाला, "आमच्याकडे नोंद अशी आहे, की तुमच्या सासूबाई एकाच दिवशी दोनदा आल्या. तुम्ही आलाच नाहीत."

जावयाने हे मराठीत सांगितलं. सासूबाईंनी आपला पासपोर्ट काचेखालून आत सरकवला आणि बोलायला लागल्या. दोन्ही ठशांत तारखेतला तीनचा आकडा खालून तुटलेला आहे, म्हणजे शिक्का एकच, मारणारा माणूस एकच. मधे बाहेर गेल्याचा शिक्का नाही, मग एक बाई न जाता दोनदा येईल कशी? त्या चांगलं पाच मिनिटं बोलल्या. जावयाने ते दोन वाक्यांत उरकलं.

"मी एवढं बोलले, आणि तुम्ही एवढंसंच सांगितलंत?"

"मुद्दा सांगितला, आई."

"मुद्दा माझा तीनच्या आकड्यात आहे. तो सांगा."

त्याने सांगितला. अधिकाऱ्याने भिंग काढून पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याने काचेपलीकडच्या बाईकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "शिक्का एकच आहे. पण दुसरा ठसा तुमच्यासाठी होता हे कशावरून? तिथे त्या वेळी तुम्हीच उभे होतात, दोन्ही पासपोर्ट एकत्र दिले होते, आणि दोन्ही ठसे एकाच पासपोर्टवर पडताना पाहिलं, असं कुणाला तरी लेखी द्यावं लागेल. बाईंनी पाहिलं का?"

जावई तोंड उघडणार, तोच तो पुढे म्हणाला, "मात्र पाहिलं असेल तर पाच महिने कळवलं नाही, असा शेरा त्यांच्या पासपोर्टवर मारावा लागेल. पुढे त्या व्हिसा मागतील तेव्हा तो शेरा आधी दिसणार. व्हिसा मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

सासूबाईंना एकच लेक. त्या लेकीची एकच लेक. आज सकाळीच निघताना त्या चिमीला म्हणाल्या होत्या, 'पुढच्या खेपेला तू धावत येशील हं माझ्याकडे.' जावयाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा अधिकाऱ्याकडे, आणि त्या भाषेत म्हणाला, "नाही. त्यांनी पाहिलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं."

आयुष्यात कागदापुढे कापणाऱ्या या माणसाने स्वतःची नोकरी पणाला लावून खोटं बोलायचं धाडस केलं, ते त्या एका वाक्यात. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग साक्षीदार नाही," अधिकारी म्हणाला. "प्रकरण चौकशीला जाईल. सहा महिने तरी लागतील. तोवर तुम्हाला काम करता येणार नाही."

सासूबाईंना भाषा कळत नव्हती. पण पोस्टाच्या खिडकीच्या आत वर्षानुवर्षं बसलेल्या बाईला बाहेरच्या माणसाचा चेहरा वाचता येतो. "तुम्ही काय सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. चौकशी करतील म्हणतात."

"जावईबापू. माझ्याबद्दल काहीतरी विचारलं त्याने. तुम्ही नाही म्हणालात. एवढा शब्द मला बाजारात कळलाय."

मग त्याला सांगावंच लागलं. शेरा, व्हिसा, सगळं. शेवटी तो जवळजवळ हात जोडून म्हणाला, "आई, सहा महिने काढू कसेबसे. तुम्ही गप्प राहा. चिमीसाठी तरी."

सासूबाईंनी त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग काचेवर बोटाने टकटक केली. अधिकाऱ्याने वर पाहताच त्यांनी दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली. मूठ वळली, डाव्या तळव्यावर आपटली, एकदा हलकी, एकदा जोरात. मग जावयाच्या छातीवर बोट ठेवलं आणि आपल्या पायांशेजारची जमीन दाखवली: हा इथे, माझ्या शेजारी उभा होता. आणि पुन्हा डोळ्यांकडे बोटं. खणखणीत आवाजात, अस्सल मराठीत म्हणाल्या, "मी पाहिलं. लिहून घ्या."

अधिकाऱ्याला भाषांतर लागलं नाही. शेजारच्या खिडकीतली माणसंही वळून बघायला लागली. जावयाने मान खाली घातली आणि त्यांचं म्हणणं अक्षर न गाळता सांगितलं. तीनचा आकडा, गादी, शाबासकी, सगळं. शाबासकीपाशी अधिकारी सर्दीतही हसला. पण हसला म्हणून नियम बदलला नाही. त्याने जबाब लिहिला, बाईंनी टपोऱ्या अक्षरात सही केली. एका पासपोर्टवर दुरुस्ती झाली, प्रवेशाची तारीख पडली. दुसऱ्यावर मारायचा शेऱ्याचा शिक्का हातात घेऊन तो मात्र थांबला. त्याचा हात खाली येईना. आईच्या वयाची बाई समोर उभी होती.

सासूबाईंनी हात घालून पासपोर्ट सरळ केला, पान तळव्याने दाबून सपाट केलं आणि बोटाने जागा दाखवली. "इथे मारा. इथे नीट उठेल."

त्या क्षणी जावयाला कळलं, की शिक्का मारण्यात कला नसते म्हणणारा आपण किती अडाणी होतो. तिसाव्या मजल्यावर तोल सांभाळणं त्याला जमत होतं. असं उभं राहणं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसतं. आणि अशा बाईला तो पाच महिने, वेळ आली की जातील, म्हणून सांभाळून घेत होता! त्याची त्यालाच लाज वाटली, आणि अभिमानही वाटला, की चिमीच्या अंगात हिचंच रक्त आहे.

बाहेर रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. सिग्नलपाशी थांबल्यावर तो म्हणाला, "आई, तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही." मग खिशातला पासपोर्ट चाचपत म्हणाला, "पण तुम्हाला पुढच्या वर्षी येऊ दिलं नाही तर?"

सासूबाई सिग्नलकडे बघत होत्या. डोळे ओले होते, पण आवाज काही हलला नाही.

"तर चिमीला घेऊन तुम्ही यायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आता कुणी अडवणार नाही."