जर्मन गावाचा लाकडी राजा

जपानात आमच्या कावासाकीहून ट्रेनने दोनेक तास गेलं की डोंगरात एक जर्मन गाव होतं. जर्मन कसलं, एका बटाट्याच्या व्यापाऱ्यानं हौसेनं बांधलेलं. उतरती छपरं, घड्याळाचा मनोरा, आणि टोले पडले की मनोऱ्यातून बाहेर येणारे तिघं: लाकडी राजा, आचारी, ढोलवाला. खराखुरा जर्मन एकच, पाववाला. त्याचा पाव इतका कडक, की आमच्या सुनेनं, विभानं, त्यावर नारळ फोडला. खोटं वाटत असेल तर नारळाला विचारा.

दोन हजार अकरा सालच्या भूकंपानंतर पाववाल्याच्या आईनं त्याला परत जर्मनीला बोलावून घेतलं. मग बिअरचं दुकान मिटलं, मग माणसंच येईनाशी झाली. उरले घड्याळ सांभाळणारे ओगावा-सान. मी आणि नात कश्मिरा रविवारी जायचो. मी लाकडी राजाबद्दल थापा मारायची, ती त्या जपानीत सांगायची, आणि ओगावा-सान तोंडावर हात धरून हसायचे.

शेवटी मालकानं गाव विकलं. आम्ही गेलो तर फाटकाशी मनोऱ्यातले ते लाकडी तिघं रांगेत उभे, प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या कचऱ्याचा स्टिकर. इथं मोडकं कपाट टाकायचं तरी असा स्टिकर विकत आणून लावावा लागतो. नसला तर कचऱ्याचा गाडीवाला हात लावत नाही. आमची जुनी गादी अशीच दारात पडून राहिली होती, स्टिकर वाऱ्यानं उडाला म्हणून.

मी तिन्ही स्टिकर सोलले आणि मुठीत धरले. कश्मिरा "दामे, दामे" करत माझा पदर ओढत होती. म्हणजे असं करायचं नाही. गाडी आली. गाडीवाल्यानं राजाला वरून खाली पाहिलं आणि तो निघाला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात ओगावा-सान धावत आले. गाडी थांबवून कमरेत वाकून माफी मागितली. मग माझ्यापुढं येऊन नुसता तळहात पसरला. रागावलेसुद्धा नाहीत.

मी कश्मिराला म्हटलं, "सांग त्यांना, राजा माझा मामेभाऊ लागतो. मी त्याला घरी नेते."

तिनं सांगितलं. ते हसले नाहीत. हळूच काहीतरी बोलले.

"आजी, ते म्हणतात, तो त्यांच्या दारातून आत जात नाही. त्यांनी मोजून पाहिलंय."

आमचं दार तर त्यांच्याहून लहान. मी मूठ उघडली. चुरगळलेले स्टिकर त्यांनी मांडीवर घासून सपाट केले, एकेक लावले. राजाचा जरा वाकडा लागला. तो काढून त्यांनी पुन्हा सरळ लावला.