आबांची टोपी

लोणखेड्याला आंतरराष्ट्रीय टेनिस होणार म्हटल्यावर आमच्या ब्राह्मणपुरी गावातल्या निम्म्या लोकांनी विचारलं, टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट ना? स्पर्धा व्यावसायिक होती, पण त्या शिडीची अगदी खालची पायरी. खेळाडू आपली बॅग आपणच उचलायचे आणि सामना संपला की नळावर टॉवेल धुवायचे. पुरुष दुहेरीत आयोजकांनी एक जागा स्थानिक पोरांना दिली. ती पोरं म्हणजे माझा धाकटा भाऊ भाग्येश आणि शहाद्याच्या कय्युमचाचांचा तौहिद.

उपांत्य फेरी गाठली की दोघांच्या नावावर जागतिक क्रमवारीतला पहिला गुण लागणार होता. एकच गुण, पण तौहिदचं सगळं त्याच्यावर अडलं होतं. चाचांनी त्याला घरी बसवून सांगितलं होतं, आता गुण आला तर खेळत राहा, नाही आला तर सोमवारी सुरतला मामूच्या दुकानात एसी दुरुस्ती शीक. मी चाचांना दोष देत नाही. वेल्डिंग करून करून त्यांचे डोळे गेलेत, ते तरी किती वाट बघणार? भाग्येशचंही तेच. दुहेरी काही एकट्याने खेळता येत नाही.

या दोघांची एक खोड होती. बाकीचे दुहेरीवाले तोंडापुढे चेंडू धरून कुजबुजतात, पाठीमागे बोटांच्या खुणा करतात. हे दोघे सरळ अहिराणीत ओरडायचे. नेटजवळचा भाग्येश मागे न बघता म्हणायचा, "मधमा," की तौहिदची सर्व्हिस मधल्या रेषेवर. "कडले" म्हटलं की बाहेरच्या. चेन्नईत काय, दिल्लीत काय, कोणाच्या बापाला कळत नव्हतं. पहिली फेरी भर दुपारी मागच्या कोर्टवर झाली, बघायला कावळा नव्हता, आणि पोरं आरामात जिंकली.

उपांत्यपूर्व सामन्याला मात्र पार प्रकाशा गावापर्यंतची माणसं आली. पहिला सेट आमचा. मग आयोजकांपैकी कोणाला तरी वाटलं, खेळाडूचे वडील बाजूच्या मांडवात उभे, हे बरं दिसत नाही. आमच्या आबांना कोर्टच्या टोकाला, सर्व्हिस करणाऱ्याच्या बरोबर मागे, हार घातलेली मानाची खुर्ची मिळाली. आबा पांढरी टोपी नीट करून ताठ बसले. मी शेजारी.

दुसरा सेट गेला. समोर एक तमिळ आणि एक उंच कोरियन होता. आपली पोरं आमच्या टोकाला आली की कोरियनला सर्व्हिस कुठे येणार ते आधीच ठाऊक असायचं. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक सुरू झाला आणि आठ-नऊ झाले. त्यांना एक गुण हवा होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, कोरियन तौहिदकडे बघतच नाहीये. तो आबांकडे बघतोय.

भाग्येश "मधमा" म्हणाला की आबांची टोपी मधल्या रेषेकडे कलायची. "कडले" म्हणाला की कडेला. सगळ्या कोर्टवर अहिराणी न कळणारे दोघेच होते आणि त्यांना आबा हालचालीने भाषांतर करून देत होते.

मी आबांच्या कानाशी वाकले. "आबा, तो तुमनी टोपी देखी ऱ्हायना. मुंडी हालाडू नका."

आबा कोरियनकडे बघून गालात हसले. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आबांचा दरारा आहे तो एका गोष्टीमुळे. जो घोडा घ्यायचा त्याच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत, शेजारच्याचे दात मोजत बसतात. लहानपणी भाग्येशला खांद्यावर घेऊन त्यांनी हेच शिकवलं.

तिकडे भाग्येश तौहिदजवळ गेला. त्या दिवशी पहिल्यांदाच तोंडावर हात धरून काहीतरी बोलला. मग नेटजवळ जाऊन मोठ्याने म्हणाला, "मधमा."

आबांनी टोपी झोकात कडेला कलवली.

तौहिदची सर्व्हिस कडेलाच गेली. कोरियन तिथे आधीच उभा होता. त्याने चेंडू रेषेलगत मारला आणि सामना संपला.

टाळ्या वाजल्या, हस्तांदोलनं झाली. भाग्येश बॅग ओढत आमच्याकडे आला. "मले कळेल व्हतं तो तुमनाकडे देखस," तो आबांना म्हणाला. "म्हनीसन तौहिदले सांगं, मी सांगसू तेना उलटं टाक. तरी तो कसा समजना?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मी बी उलटच देखं, भाऊ."

तौहिद हसला, आणि मग त्याचं हसू पुसलं गेलं. कय्युमचाचा मागेच उभे होते. ते आबांना इतकंच म्हणाले, "भाऊ, एक बार आपस में बोल तो लेते." मला चाचांचा राग आला, कारण ते खरं होतं. आमच्या घरात दोघं शहाणे, आणि दोघांनी आपापलं शहाणपण दुसऱ्याला न सांगता वापरलं. भुर्दंड मात्र तिसऱ्याला.

सोमवारी शहाद्याच्या स्टँडवर सुरतच्या गाडीला आम्ही सगळे गेलो. भाग्येशने तौहिदची बॅग वर चढवून दिली आणि रॅकेट स्वतःकडे ठेवली. आबांनी घरच्या पपया पिशवीत बांधून आणल्या होत्या. खिडकीशी उभं राहून ते म्हणाले, "दिवाळीले येजो, बेटा. तू आना की परत खेळशात. आम्ही तुन्ही वाट देखसूत."

तौहिदने पिशवी मांडीवर घेतली आणि आबांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"आबा," तो म्हणाला, "हाई खरं सांगी ऱ्हायनात का उलटं?"